सास्तूरच्या भिंतींचा हिशोब

दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो. १९९१ पासून आपल्या देशात तो पाळला जातो. त्या सुमारास शाळा-महाविद्यालयांत घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, रद्दी गोळा केली जाते, वर्गाबाहेर पडताना दिवे-पंखे बंद करण्याच्या पाट्या लागतात. हे सारे चांगलेच आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण या मोजदादीतून एक गोष्ट नेहमी सुटते. ज्या भिंतीवर आपण ती पाटी लावतो, ती भिंत उभी करायला किती ऊर्जा लागली? उद्या ती पाडली तर त्या ऊर्जेचे काय होणार? आणि तिच्यातले काय काय पुन्हा वापरता येईल?

हे प्रश्न पुस्तकी वाटतील. पण आपल्याच राज्यातल्या काही गावांना ते एका रात्रीत, फार मोठी किंमत मोजून सोडवावे लागले. त्यांपैकी एक गाव म्हणजे सास्तूर. आज हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. १९९३ साली जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, लोहारा तालुका झालेला नव्हता आणि सास्तूर उमरगा तालुक्यात मोडत असे. त्या वर्षीच्या भूकंपात ज्या गावांची सर्वाधिक हानी झाली त्यांत किल्लारीच्या बरोबरीने सास्तूरचे नाव घेतले जाते. या गावांतल्या घरांचा इतिहास पाहिला, तर पुनर्वापर आणि ऊर्जाबचत या दोन शब्दांचा अर्थ पाटीवर मावतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे हे लक्षात येते.

काळी आणि पांढरी

मराठवाड्यात गावाची जमीन दोन रंगांनी ओळखली जाते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी राहतात, मोडतात, त्यांची माती तिथेच मिसळते. तिच्यात चुलीची राख जाते, चुना जातो, शेणकाला जातो. शेकडो वर्षांनी त्या जागेची माती भुरकट, पांढुरकी होते. म्हणजे पांढरी ही जुन्या घरांचीच माती. याच जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर नगर, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात येते. तिथली टेकाडे म्हणजे एकावर एक साठलेल्या वस्त्याच आहेत. त्यांतून मिळालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या आणि आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तेरमध्ये उभे आहे.

ही पांढरी माती घराच्या छपरासाठी मुद्दाम आणली जाई. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की तडकते. तिचे छप्पर पहिल्याच उन्हाळ्यानंतर गळेल. पांढरी तशी तडकत नाही. म्हणून लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद रचले जाई. घर किती मोठे हे ‘खणां’त मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. भिंती शेतात, ओढ्यात किंवा जवळच्या खाणीत मिळणाऱ्या काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या. त्या दोन-तीन फूट आणि कधी कधी त्याहूनही जाड असत.

या घरात वाया काहीच जात नसे. आपल्या भाषेत जुने घर ‘उतरवतात’. उतरवलेल्या घराचे खांब, तुळया, चौकटी, दारे नव्या घरात जात. आजोबांच्या घराचा सागवानी खांब नातवाच्या घरात उभा असणे यात नवल नव्हते. दगड तर किती घरे फिरून आला याची गणतीच नसे. माती खड्ड्यात भिजवून पुन्हा वापरली जाई. आणि भट्टी? ती कुठेच नव्हती. दगडाला, मातीला, लाकडाला आच द्यावी लागली नव्हती. लागले होते ते वडाराचे, गवंड्याचे, सुताराचे आणि बैलांचे श्रम.

त्यातून आणखी एक बचत साधत असे. जाड दगडी भिंत आणि मातीचे माळवद तापायलाही वेळ घेतात आणि निवायलाही. दुपारच्या उन्हाची उष्णता भिंतीच्या आतल्या अंगाला पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात ही घरे पंख्याशिवाय दुपारी बसण्याजोगी राहत, ती याच कारणाने.

३० सप्टेंबरची पहाट

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग आपण पुन्हा तशीच घरे बांधू या. त्याला उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेने दिले आहे.

आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ ते ६.४ होती. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप, पण त्याचे केंद्र उथळ होते आणि गावे थेट त्याच्या माथ्यावर होती. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली बहुसंख्य आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग, अशी तोवरची समजूत होती. देशाच्या त्या वेळच्या भूकंपप्रवण नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या विभागात गेला.

घरे का पडली हे विज्ञानाच्या तासाला समजावून देण्याजोगे आहे. माळवद गळू लागले की त्यावर मातीचा आणखी एक थर चढवायचा, हा रिवाज. जुना थर काढून टाकण्याचे काम कष्टाचे, म्हणून तो तसाच राहायचा. असे करता करता थराची जाडी अर्धा मीटर आणि त्याहूनही अधिक होई. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १,६०० किलो धरले, तर अर्धा मीटर जाडीच्या माळवदाचा भार दर चौरस मीटरला ८०० किलो होतो. २३ चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे २५० चौरस फुटांच्या, एका खोलीवर १८ टनांहून अधिक माती! न्यूटनचा दुसरा नियम सांगतो की बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जमीन आडवी हलते तेव्हा छपराचे वस्तुमान जितके जास्त, तितके घराला ओढणारे आडवे बल जास्त.

भिंतींचा दोष निराळा होता. बाहेरून एकसंध दिसणारी जाड भिंत खरे तर दोन भिंतींची असे. आतले अंग आणि बाहेरचे अंग दगडांनी रचायचे आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती भरायची. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. धक्का बसताच दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटली आणि ढासळली. त्यातही पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट आढळली. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा चांगला होता, तिथे भिंती पडूनही माळवद पुष्कळदा खांबांवर उभे राहिले होते. म्हणजे सांगाडा टिकला आणि माणसे मेली ती भिंतींखाली.

दोष दगडाचा नव्हता, दगड रचण्याच्या पद्धतीचा होता. पण ज्याने आपली मुले त्या दगडांखालून काढली, त्याला हा फरक सांगणार कसा? दगडाची धास्ती या भागात खोल बसली ती समजण्याजोगीच होती.

मलब्याचे काय झाले?

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने महाराष्ट्र शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. सास्तूर त्यांपैकीच एक. नव्या घरांचे तीन आकार ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकमेकांपासून सुटी घरे, सिमेंट, लोखंड आणि विटा किंवा काँक्रीटचे ठोकळे, असा नवा थाट आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. त्याची दुसरी बाजूही होती. गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरले, पाण्याच्या नळांची आणि विजेच्या तारांची लांबी त्या प्रमाणात वाढली, आणि पातळ भिंतींची घरे उन्हाळ्यात तापू लागली.

जुन्या गावठाणांत लाखो दगड आणि हजारो लाकडे पडून होती. लोकांनी खांब, तुळया, चौकटी शोधून काढल्या. लाकूड मोलाचे होते आणि त्याची धास्ती नव्हती. दगडाला मात्र कोणी हात लावेना. ज्या दगडाने पिढ्यान्‌पिढ्या घरे बदलली होती, त्याचा प्रवास अनेक ठिकाणी जुन्या गावातच थांबला.

थोडा हिशोब करू

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. या परंपरेतल्या के. एस. जगदीश आणि बी. व्ही. वेंकटराम रेड्डी या अभियंत्यांनी बांधकामाच्या साहित्यात किती ऊर्जा दडलेली असते याचा अभ्यास केला. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार एक किलो सिमेंट तयार करायला सुमारे ५.८५ मेगाज्यूल, एक किलो पोलादाला ४२ मेगाज्यूल आणि एका भाजक्या विटेला सुमारे ४.२५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. खाणीतल्या नैसर्गिक दगडाच्या नावापुढे त्यांनी जवळजवळ शून्य मांडला आहे. त्यानंतरच्या काळात सिमेंटच्या भट्ट्या अधिक काटकसरी झाल्या, तेव्हा आजचा आकडा काहीसा कमी असेल. आपल्या ढोबळ हिशोबाला मात्र हे आकडे पुरेसे आहेत.

समजा, २५० चौरस फुटांची एक खोली आहे. ९ इंची विटांच्या भिंती, वर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब. दारे-खिडक्या वजा केल्यावर भिंतींना सुमारे ५,४०० विटा लागतील. त्यांची ऊर्जा झाली सुमारे २३,००० मेगाज्यूल. भिंतींच्या दर्जेला साधारण ७६० किलो आणि स्लॅबला ८०० किलो सिमेंट धरले, तर दोन्ही मिळून ९,१०० मेगाज्यूल. स्लॅबमधल्या २०० किलो लोखंडाचे ८,४०० मेगाज्यूल. बेरीज साधारण ४०,५०० मेगाज्यूल. एक किलो कोळशातून २० मेगाज्यूल मिळतात असे मानले, तर ही खोली म्हणजे दोन टन कोळसा. पाया, गिलावा आणि वाहतूक आम्ही धरलेलीच नाही.

आता दिव्याकडे वळू. ६० वॉटचा जुना दिवा काढून ९ वॉटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज पाच तास वापरला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, म्हणून ही बचत ३३५ मेगाज्यूल होते. औष्णिक केंद्रात एक भाग वीज मिळवायला साधारण तीन भाग उष्णता जाळावी लागते. म्हणजे कोळशातली बचत सुमारे १,००० मेगाज्यूल. याचा अर्थ, एका लहानशा खोलीच्या बांधकामात एका दिव्याची चाळीस वर्षांची बचत खर्ची पडते. महाविद्यालयाची एखादी इमारत अशा शंभर-दीडशे खोल्यांएवढी असते. ती तीस वर्षांत पाडून नवी बांधायची, की दुरुस्त करून साठ वर्षे चालवायची, या एका निर्णयापुढे आपली पाट्यांची मोहीम किती लहान पडते ते यावरून दिसते.

सिमेंटची गोष्ट इंधनावरच थांबत नाही. सिमेंट करताना चुनखडी भाजतात. भट्टीतले तापमान १,४०० अंश सेल्सियसच्या वर जाते. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजले की ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाऐवजी दुसरे कोणतेही इंधन वापरले तरी हे ४४ ग्रॅम सुटायचेच. दहावीच्या रसायनशास्त्रातले समीकरण इथे गावाच्या इतिहासाला येऊन मिळते.

दुरुस्ती हाही पुनर्वापर

उद्ध्वस्त गावांखेरीज सुमारे दोन लाख घरे अशी होती की ती तडकली होती, पण उभी होती. त्यांच्यासाठी जागच्या जागी दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा कार्यक्रम आखला गेला. अनुदान टप्प्याटप्प्याने घरमालकाला मिळे आणि बांधकाम त्याने स्वतः करून घ्यायचे असे. गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम उभे केले. त्या बायकांनी अभियंत्याची भाषा घराघरांत नेली आणि घराघरांतल्या शंका अभियंत्यापर्यंत आणल्या.

बळकटीकरणाच्या युक्त्या साध्या होत्या. माळवदावरची माती उतरवून थर पातळ करायचा. वर केलेल्या हिशोबात थर अर्ध्या मीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला, तर १८ टनांचे साडेपाच टन होतात. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि भोक काँक्रीटने भरायचे, म्हणजे भिंतीची दोन अंगे बांधली जातात. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकूड ठोकायचे, म्हणजे सांगाडा लचकत नाही. चारही भिंतींभोवती कमरपट्ट्यासारखा एक बंध घालायचा. भारतीय मानक ब्यूरोने याच विषयावरची मार्गदर्शक मानके नेमकी १९९३ सालीच प्रसिद्ध केली होती. राजेंद्र आणि रूपल देसाई या दांपत्याने या भागात अशा बळकटीकरणाची प्रात्यक्षिके केली आणि दगडाचे घरही सुरक्षित करता येते हे लोकांना पटवण्याचा प्रयत्न केला.

या दुरुस्तीला लागणारे सिमेंट आणि लोखंड नव्या घराच्या मानाने अगदी थोडे. तरीही बहुतेक कुटुंबांनी मिळालेल्या पैशात जुन्या घराशेजारी विटांची एक लहान खोली बांधणे पसंत केले. भीती वाटली की त्या खोलीत झोपायचे, एरवी जुन्या घरात वावरायचे. जुने घर मात्र जसे होते तसेच, धोक्याचे, राहिले. हे लोकांचे अडाणीपण म्हणून मोडीत काढता येणार नाही. नवी खोली डोळ्यांना दिसते, तिच्यात भर पडल्याचे समाधान असते. भिंतीच्या पोटात घातलेली सळई दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर विश्वास बसायला शिक्षण लागते, आणि शिक्षण ही आपल्या व्यवसायाची बाब आहे.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा गुजरातने बहुतांश घरे मालकांच्या हातीच सोपवली. त्यामागे महाराष्ट्राच्या अनुभवाचाही वाटा होता.

जगात इतरत्र

मलब्याचा प्रश्न आपल्यापुरता नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनमधल्या हजारो स्त्रियांनी पडक्या घरांच्या विटा एकेक करून साफ केल्या आणि त्या पुन्हा बांधकामात गेल्या. जो मलबा कामाचा नव्हता तो एका जागी टाकत टाकत टॉयफेल्सबर्ग नावाची टेकडीच तयार झाली. तिच्या पोटात नाझी राजवटीत अर्धवट राहिलेल्या एका लष्करी तांत्रिक महाविद्यालयाची इमारत गाडली गेली आहे.

याच्या उलटचे उदाहरण आपल्या देशात आहे. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राचे आवार लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधायला घेतले. गिलावा न केलेल्या स्थानिक विटा, वारा खेळवणाऱ्या विटांच्या जाळ्या, उतारावरची झाडे राखून बेतलेल्या इमारती. स्लॅबच्या खालच्या अंगात काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो, म्हणून बेकर तिथे टाकाऊ मंगलोरी कौले भरत आणि सिमेंट-लोखंड वाचवत. महाविद्यालयाच्या आवारातला पुनर्वापर असा पायापासून सुरू होऊ शकतो.

सरकारी पातळीवर मात्र या विषयाची दखल उशिरा घेतली गेली. बांधकाम आणि पाडकामातून निघणाऱ्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आपल्याकडे झाले ते २०१६ साली, म्हणजे सास्तूरच्या भूकंपानंतर तेवीस वर्षांनी.

आपल्या आवारात

शिक्षक मित्रांना यातून एक प्रकल्प सुचवावासा वाटतो. आठवी-नववीपासून पदवीपर्यंतचे विद्यार्थी तो करू शकतील. आपल्या शाळेच्या एका खोलीची मापे घ्या. विटा किंवा दगड किती, सिमेंट किती, लोखंड किती याचा अंदाज गावातल्या गवंड्याला विचारून बांधा. वर दिलेल्या आकड्यांनी गुणून खोलीत दडलेली ऊर्जा काढा. मग वर्षभराच्या वीजबिलाशी तिची तुलना करा. आवारात एखादी जुनी इमारत पाडायची ठरली असेल, तर पाडण्याआधी तिच्यातल्या दारे, चौकटी, फरशा, कौले, दगड यांची यादी करा आणि कशाचा उपयोग कुठे होईल ते लिहा. पाडकाम झाल्यावर मलबा कुठे गेला तेही पाहून या.

या वहीत दुसरा एक रकाना अवश्य ठेवा: सुरक्षिततेचा. भिंतीला तडे आहेत का, छपरावर किती भार आहे, दाराच्या वर आणि छपराखाली बंध आहे का, जुना दगड किंवा जुने लाकूड पुन्हा वापरताना ते कोणी तपासले. या रकान्यातला शेवटचा शब्द अभियंत्याचा असावा, विद्यार्थ्यांचा किंवा आपला नव्हे. ऊर्जा वाचली पण भिंत कच्ची राहिली, तर त्या बचतीला बचत म्हणता येत नाही. आणि भीतीपोटी दर तीस वर्षांनी सारे पाडून नवे बांधत गेलो, तर त्याचा भार दुसऱ्याच कोणाच्या तरी खाणीवर, भट्टीवर आणि हवेवर पडतो. सास्तूर परिसरातल्या कुटुंबांना हे दोन्ही रकाने एकाच वेळी, शोकात असताना भरावे लागले. आपल्याला ते शांतपणे, वर्गात बसून भरण्याची सवड आहे.